कबाडीवाल्याच्या पोत्यात काय टाकू नये? कचऱ्याचे नवे नियम आणि आपल्या घरातले धोके

कबाडीवाल्याची हाक आली की आपण घाईघाईने घर आवरायला घेतो. जुनी वर्तमानपत्रे, फुटका टब, तेलाचा पत्र्याचा डबा, फवारणीच्या औषधाची बाटली, बंद पडलेला मोबाइल, आजोबांच्या इन्सुलिनच्या सुयांची पिशवी, जे हाताला लागेल ते पोत्यात जाते. चार पैसे मिळतात आणि घर मोकळे होते. यातल्या पहिल्या तीन वस्तू पोत्यात जाणे चांगलेच आहे. शेवटच्या तीन मात्र तिथे जाता कामा नयेत. असे का, आणि मग त्यांचे करायचे काय, हे या लेखात पाहू.

हा विषय आत्ताच घेण्याचे कारण म्हणजे कचऱ्याचे नवे नियम. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे 'घनकचरा व्यवस्थापन नियम, २०२६' हे १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले आहेत. पूर्वीचे नियम २०१६ चे होते. बातम्यांमध्ये 'आता चार डबे' एवढेच गाजले. पण रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी महत्त्वाचा आहे तो चौथा डबा.

नियम काय सांगतो?

घरातला कचरा चार प्रकारांत वेगळा ठेवायचा आहे.

• ओला कचरा : भाजीचे देठ, उरलेले अन्न, फळांची साले.
• सुका कचरा : कागद, प्लास्टिक, धातू, काच, लाकूड, रबर.
• सॅनिटरी कचरा : डायपर, सॅनिटरी पॅड वगैरे. हे नीट गुंडाळून वेगळे द्यायचे.
• विशेष काळजीचा कचरा : रंगाचे डबे, बल्ब, पाऱ्याचे थर्मामीटर, औषधे यांसारख्या वस्तू. या अधिकृत संस्थेने गोळा करायच्या किंवा आपण ठरवून दिलेल्या केंद्रात नेऊन द्यायच्या.

चौथा प्रकार अगदीच नवा आहे असे नाही. २०१६ च्या नियमांतही 'घरगुती घातक कचरा' वेगळा करायला सांगितला होता, आणि त्यात कीटकनाशकांचे डबे, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, वापरलेले सेल, सुया आणि सिरिंज यांची नावे होती. म्हणजे दहा वर्षे हा नियम होता, पण बहुतेक घरांपर्यंत पोचला नाही. आता त्याला स्वतंत्र डबा मिळाला आहे. डबा भरल्यावर तो कुठे रिकामा करायचा, याचे उत्तर मात्र प्रत्येक गावाला शोधावे लागणार आहे.

नवेगाव बांधसारख्या गावात याचा अर्थ काय?

शहरात सुक्या कचऱ्याचा निळा डबा असतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या नवेगाव बांधमध्ये किंवा आजूबाजूच्या गावांत पुनर्वापराचा खरा डबा म्हणजे कबाडीवाल्याचे पोते. त्यात पडलेली वस्तू कोणा यंत्राच्या तोंडी जात नाही, माणसाच्या हातात जाते. कबाडीवाला पोते ओततो. त्याची बायको, कधी कधी मुलेही, प्लास्टिक वेगळे, लोखंड वेगळे, तांबे वेगळे करतात. हातमोजे क्वचितच असतात. तांबे सुटावे म्हणून वायरी जाळल्या जातात, झाकणे काढून बाटल्या चेपल्या जातात, बॅटरी फोडली जाते. जे विकले जात नाही ते गावाबाहेर फेकले किंवा पेटवले जाते.

पावसाळ्यात पाणी तिथूनच वाहते. आपला भाग तलावांचा. नवेगावचा मोठा बांध, गावोगावचे मामा तलाव, शेतातल्या बोड्या, सगळे एकमेकांच्या उताराला. त्या पाण्यावर धान पिकते, त्यात जनावरे उतरतात, ढिवर बांधव मासे धरतात आणि ते मासे आपल्याच ताटात येतात. म्हणून 'टाकले म्हणजे गेले' असे होत नाही. वस्तू घराबाहेर जाते, पण गावाबाहेर जात नाही.

दुसरा धोका उलट दिशेचा. टाकलेला डबा धुऊन पुन्हा कोणाच्या तरी घरात येतो. बिहारमधल्या सारण जिल्ह्यात, धर्मासती गंडामन या गावी १६ जुलै २०१३ रोजी शाळेतले मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. ते तेल पूर्वी कीटकनाशक असलेल्या डब्यात ठेवले होते, असे तपासात पुढे आले. डबा दिसायला रिकामा आणि स्वच्छच असणार. अशा डब्याला वास येईलच किंवा चव वेगळी लागेलच, याचा भरवसा नसतो.

आता एकेक वस्तू पाहू.

१. इन्सुलिनच्या सुया, सिरिंज, लॅन्सेट

मधुमेही रुग्णांच्या घरात रोज एक-दोन सुया निघतात. बोटातून रक्त काढून साखर तपासत असाल तर लॅन्सेटही. पातळ पिशवीत टाकलेली सुई पिशवी फाडून बाहेर येते आणि पोते चाचपणाऱ्या हाताला टोचते. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस टिकू शकतो. या आजाराची लस आता बाळांना मिळते, पण आजच्या बहुतेक प्रौढांनी ती घेतलेली नाही. एचआयव्हीचा धोका त्यामानाने बराच कमी. रुग्णालयात बाधित रुग्णाची सुई टोचली तरी तो साधारण ३०० मध्ये १ असतो. पण ज्याला टोचते त्याला सुई कोणाची हे ठाऊक नसते, आणि पुढचे काही महिने तपासण्या आणि धास्ती यांत जातात.

काय करावे : टॉयलेट क्लीनरची किंवा कपडे धुण्याच्या द्रवाची जाड प्लास्टिकची, झाकणाची रिकामी बाटली धुऊन कोरडी करा. पाण्याची पातळ बाटली नको. सुई वापरली की लगेच त्यात टाका. ती वाकवू नका, मोडू नका. बाटलीवर लाल रंगाने 'सुया – उघडू नका' असे लिहा. तीन चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा. पुढच्या वेळी औषध आणायला जाल तेव्हा आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात विचारून ती तिथल्या सुयांच्या कचऱ्यात द्या. तिथला असा कचरा वेगळा गोळा होऊन प्रक्रियेसाठी जातो.

२. बटण सेल

घड्याळ, रिमोट, गाणे वाजवणारी खेळणी, साखर मोजण्याचे यंत्र, वजनकाटा यांत नाण्यासारखा चपटा सेल असतो. यंत्र चालेनासे झाले की आपण सेल काढून टेबलावर ठेवतो किंवा यंत्रासकट भंगारात देतो. भंगार निवडणाऱ्या घरातली लहान मुले चकचकीत वस्तू तोंडात घालतात. आपल्या घरातलीही घालतात. २० मिलिमीटरचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यामुळे त्यातून वीज वाहते, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि २ तासांत अन्ननलिका भाजू लागते. 'संपलेल्या' सेलमध्येही एवढी ताकद उरलेली असते.

काय करावे : काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजू चिकटपट्टीने झाका आणि तो मुलांच्या हाती लागणार नाही अशा झाकणाच्या डबीत ठेवा. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी ताबडतोब निघा आणि एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय गाठा. उलटी करवू नका. मूल १ वर्षाहून मोठे असेल, सेल गिळून १२ तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर १० मिनिटांनी २ चहाचे चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त ६ वेळा. दुसरे काही खायला-प्यायला देऊ नका. मधासाठी निघायला उशीर मात्र करू नका. सेल अडकलेला असेल तर दुर्बिणीने काढावा लागतो. ती सोय प्रत्येक गावात नसते, म्हणून वाटेतला प्रत्येक अर्धा तास महत्त्वाचा.

३. मोबाइल, टॉर्च आणि इन्व्हर्टरची बॅटरी

मोबाइलची बॅटरी चेपली, भोसकली किंवा तापली तर आतल्या आत पेट घेते. कागद आणि प्लास्टिकने भरलेल्या पोत्यात हे झाले तर आग आवरत नाही. फुगलेली बॅटरी घरातही ठेवू नये. ती चार्ज करू नका, दाबू नका. पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूवर ठेवून डबा घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवा आणि लवकरात लवकर दुरुस्तीच्या दुकानात द्या. डबा घट्ट बंद करू नका.

इन्व्हर्टरच्या आणि गाडीच्या बॅटरीत वजनाच्या निम्म्याहून अधिक शिसे असते. ती अंगणात फोडली की आम्ल मातीत सांडते आणि शिशाची धूळ हाताला, कपड्यांना, जमिनीला लागते. युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' या संस्थेने २०२० मध्ये अंदाज मांडला होता की जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या, म्हणजे दर तिघांतल्या एकाच्या, रक्तात शिशाचे प्रमाण काळजी करण्याइतके आहे. अशा बॅटऱ्या उघड्यावर फोडणे आणि वितळवणे हे त्याचे एक मोठे कारण सांगितले गेले. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानलेली नाही. मुलांमध्ये पोटदुखी, बद्धकोष्ठता, रक्तक्षय दिसतो. पुष्कळदा काहीच दिसत नाही, फक्त मूल अभ्यासात मागे पडत जाते.

काय करावे : 'बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२' प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना त्याच दुकानात द्या. तिची किंमतही वजा होते. बॅटरीवर चाकांच्या कचरापेटीचे चित्र आणि त्यावर फुली दिसेल. तिचा अर्थ, 'ही नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका.' टॉर्चचे साधे सेल त्यामानाने कमी घातक, पण तेही शेकोटीत टाकू नका आणि मुलांना फोडू देऊ नका. आतली काळी कांडी काढायचा खेळ बऱ्याच जणांनी लहानपणी केला आहे. तो इथेच थांबलेला बरा.

४. पाऱ्याचा थर्मामीटर, सीएफएल, ट्यूबलाइट

काचेच्या थर्मामीटरमध्ये साधारण १ ग्रॅमपर्यंत पारा असतो, सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅम. म्हणजे एका थर्मामीटरमधला पारा शंभरेक दिव्यांमधल्या पाऱ्याइतका भरू शकतो. पाऱ्याचा थेंब गिळला गेला तर तो बहुतांशी तसाच बाहेर पडतो. खरा धोका त्याच्या वाफेचा. ही वाफ दिसत नाही, तिला वास नसतो आणि ती फुप्फुसातून रक्तात जाते. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना ती अधिक बाधते. पाण्यात गेलेल्या पाऱ्याचे तळाच्या गाळातले जिवाणू मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो माशांमध्ये साठत जातो. एका थर्मामीटरने बांधाचे पाणी बिघडणार नाही. पण प्रत्येक घराने 'एकच तर आहे' म्हटले की हिशेब वाढत जातो.

काय करावे : फुटला तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा आणि कूलर बंद करा. झाडू मारू नका, त्याने थेंब आणखी फुटतात. जाड कागदाने थेंब एकत्र करा, बारीक थेंब चिकटपट्टीने उचला, सगळे झाकणाच्या बाटलीत बंद करा. न फुटलेल्या ट्यूब आणि सीएफएल नव्या दिव्याच्या खोक्यात घालून उभ्या ठेवा. नवा थर्मामीटर डिजिटल घ्या आणि दिवा एलईडी. एलईडीत पारा नसतो. तरी बंद पडल्यावर तो जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंबरोबरच द्यावा.

५. उरलेली आणि मुदत संपलेली औषधे

गोळ्या संपलेली रिकामी पाकिटे सुक्या कचऱ्यात गेली तर चालते. गोळ्या असलेली पाकिटे आणि अर्धवट भरलेल्या बाटल्या नाही. मुलांना त्या चॉकलेटसारख्या वाटतात. मोठी माणसे 'चांगल्या दिसतात' म्हणून घेतात. प्रतिजैविके पाण्यात आणि मातीत गेली की त्यांना दाद न देणारे जिवाणू वाढायला मदत होते.

केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये याबद्दल मार्गदर्शन दिले. त्यात फेंटानिल, ट्रामाडॉल, डायझेपाम यांसारख्या १७ औषधांची यादी आहे. ही औषधे चुकून दुसऱ्याच्या पोटात गेल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून ती घरात न ठेवता संडासात टाकून पाणी सोडावे, असा सल्ला आहे. बाकीच्या औषधांना हा सल्ला लागू नाही. ती परत घेण्याची केंद्रे राज्यांचे औषध विभाग आणि औषध विक्रेत्यांच्या संघटना यांनी मिळून सुरू करावीत, असे त्यात सुचवले आहे. केरळने त्याच वर्षी 'एनप्राउड' नावाने असे काम सुरू केले, आणि सुरुवातीच्या ठिकाणांत कोझिकोड शहराबरोबर उल्लियेरी ही ग्रामपंचायतही होती. म्हणजे हे फक्त महानगरांनाच जमते असे नाही.

काय करावे : औषधे मूळ पाकिटातच ठेवा. तुमच्या औषध दुकानात 'परत घेता का?' असे विचारा. घरी कोणी गेल्यानंतर त्यांची औषधे कित्येक महिने तशीच फळीवर राहतात. दुःखात हात लावणे अवघड असते. तरी नातेवाइकांपैकी एकाने ती आठवणीने वेगळी करावी, विशेषतः वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्या.

६. शेतीची औषधे आणि धान्यातल्या गोळ्या

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. ते कापसाचे शिवार होते. आपल्या धानपट्ट्यातही तुडतुडा, खोडकिडा यांवर फवारणी होतेच. औषध संपते, पण बाटलीच्या तळाला आणि झाकणाच्या आट्यांत ते उरते. लेबलवरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरव्याचाही अर्थ 'निर्धोक' असा नाही.

काय करावे : बाटली शेतातच तीन वेळा विसळा आणि प्रत्येक वेळचे पाणी पंपातच ओता. तलावात, बोडीत किंवा नहरात विसळू नका. काही कीटकनाशके अगदी थोड्या प्रमाणातही माशांना मारक असतात. नंतर बाटलीला भोके पाडा, म्हणजे ती पुन्हा कोणी वापरणार नाही. 'कीटकनाशक नियम, १९७१' प्रमाणे रिकामे डबे पुन्हा वापरात येऊ द्यायचे नाहीत, ते मोडून वस्तीपासून दूर पुरायचे असतात. कृषी सेवा केंद्र परत घेत असेल तर उत्तमच. ते घरी आणू नका, कबाडीवाल्याला विकू नका, आणि त्यात पाणी, तेल, बियाणे काहीही भरू नका.

धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्यांना हा विसळण्याचा नियम लागू नाही. ओलावा लागला की त्यांतून फॉस्फिन हा अतिविषारी वायू निघतो आणि त्यावर उतारा नाही. ढोलीजवळ किंवा झोपायच्या खोलीत या गोळ्या वापरू नयेत. घरात उरलेल्या गोळ्या किंवा अर्धवट डबी असेल तर पाणी लावू नका, फोडू नका, जाळू नका. घट्ट बंद करून राहत्या घरापासून दूर, कोरड्या आणि कुलूपबंद जागी ठेवा आणि कृषी अधिकाऱ्यांना विचारा.

७. संडास साफ करण्याचे आम्ल, ब्लीचिंग पावडर, फवारे

आम्लाचे क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. घरात हे आपण टाळू शकतो. पण पोत्यात दोन अर्धवट बाटल्या शेजारी फुटल्या तर ते मिश्रण कबाडीवाल्याच्या तोंडापाशी होते. म्हणून बाटली पूर्ण वापरून, भरपूर पाण्याने विसळून मगच द्या. डास मारण्याच्या किंवा सुगंधी फवाऱ्याच्या डब्यात जळणारा वायू असतो. तो पूर्ण रिकामा करा. भोक पाडू नका आणि शेकोटीत कधीच टाकू नका. तापलेला डबा फुटून चेहरा भाजतो.

मग निर्धास्त काय द्यावे?

हे सगळे वाचून सगळेच कोंडून ठेवायची गरज नाही. वर्तमानपत्रे, वह्या, पुठ्ठे, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, खाद्यतेलाच्या आणि पाण्याच्या बाटल्या, पत्र्याचे डबे, अॅल्युमिनिअमची भांडी, न फुटलेल्या काचेच्या बाटल्या खुशाल द्या. त्या कोरड्या आणि स्वच्छ दिल्या तर कबाडीवाल्याला भावही जास्त मिळतो. तो गावाचे मोठे काम करतो. आपल्याला त्याचे काम थांबवायचे नाही, त्यातला घातक भाग तेवढा काढून घ्यायचा आहे.

घातक वस्तू घरातच ठेवायच्या, हा धोका नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. ज्या घरात लहान मूल आहे, विसराळू झालेले वृद्ध आहेत किंवा कोणी मनाने खचलेले आहे, तिथे विषारी वस्तूंचा साठा करणे धोक्याचेच. म्हणून तीन गोष्टी पाळा.

• एकच झाकणाचा जाड डबा, उंचावर आणि कुलपात. स्वयंपाकघरात नको, देवळीत नको.
• शेतीची औषधे आणि धान्याच्या गोळ्या या डब्यात नाहीतच. त्या राहत्या घराबाहेर, कुलूपबंद.
• डबा जास्तीत जास्त दोन-तीन महिन्यांत रिकामा झालाच पाहिजे. तारीख डब्यावर लिहा.

डब्यावर लाल खूण करा. पुण्यातल्या कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना १९९३ पासून काम करते. तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने पुणेकरांना एक साधी विनंती केली : सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. पुडके हातात घेणाऱ्याला आत काय आहे ते न उघडता कळते. आपणही सुयांच्या बाटलीला, सेलच्या डबीला, ट्यूबच्या खोक्याला हाच लाल ठिपका देऊ शकतो. नखे रंगवायच्या पॉलिशनेही चालेल. ज्याला वाचता येत नाही त्यालाही लाल रंग कळतो, फक्त त्याचा अर्थ कबाडीवाल्याला एकदा समजावून सांगा.

पुढचा रस्ता कोणाचा?

खरे सांगायचे तर नियमाची दुबळी बाजू इथे आहे. घराने वेगळे करावे हे नियम सांगतो. पण वेगळे केलेले नेणारी गाडी नसेल तर महिन्याभरात सगळे पुन्हा एकाच पोत्यात जाते. २०१६ नंतर अनेक शहरांत हेच झाले. घरांनी वेगळे करून दिले, गाडीने एकत्र केले आणि लोकांचा उत्साह संपला. गावात तर ही वस्तू महिन्याला मूठभरच निघते. तेवढ्यासाठी रोज गाडी परवडत नाही, आणि तिची गरजही नाही.

त्यामुळे गावाने मोठ्या प्रकल्पाची वाट न पाहता छोटी मागणी करावी. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागाचा दुसरा टप्पा २०२० मध्ये सुरू झाला, तेव्हापासून घनकचरा हा गावाच्या कामाचा भाग आहे. येत्या ग्रामसभेत हे प्रश्न विचारा :

• विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी आपल्या गावाचे ठरलेले केंद्र कोणते? नसेल तर तालुक्याचे कोणते?
• तीन महिन्यांतून एक दिवस, बाजाराच्या दिवशी, तो गोळा करता येईल का?
• घरच्या सुया आरोग्य केंद्रात स्वीकाराव्यात, असे ग्रामपंचायत आणि वैद्यकीय अधिकारी मिळून ठरवतील का?
• कबाडीवाल्यांना जाड हातमोजे, बूट आणि धनुर्वात व हिपॅटायटिस बी च्या लशी मिळतील का?
• कृषी सेवा केंद्र रिकामे डबे परत घेईल का?

यातले एकही काम कोटींचे नाही. ठरलेला दिवस, ठरलेली जागा आणि एक जबाबदार माणूस एवढे पुरते. गावातल्या आशाताईंना कोणाच्या घरी इन्सुलिन चालू आहे हे माहीत असते. सुरुवात त्या घरांपासून करता येईल.

तातडीने डॉक्टरांकडे केव्हा जावे?

• कोणाचीही वापरलेली सुई टोचली तर : जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, चोखू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एचआयव्ही रोखणारी औषधे जितक्या लवकर तितकी चांगली, आणि ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात. हिपॅटायटिस बी ची लसही लागू शकते.
• बटण सेल गिळल्याची शंका, किंवा मुलाला अचानक लाळ गळणे, गिळता न येणे, छातीत दुखणे.
• कीटकनाशक अंगावर सांडून किंवा पोटात जाऊन घाम, लाळ, उलट्या, अंधुक दिसणे, बाहुल्या बारीक होणे, दम लागणे. कपडे काढा, अंग साबणाने धुवा. तुमच्याही हातात हातमोजे किंवा पिशवी असू द्या. औषधाची बाटली किंवा लेबल बरोबर न्या. त्यावरून उपचार ठरतात.
• धान्याच्या गोळ्यांनंतर डोकेदुखी, मळमळ, श्वासाला त्रास. सगळ्यांनी मोकळ्या हवेत या आणि लगेच निघा.
• आम्ल किंवा रॉकेल प्यायले गेले तर : उलटी करवू नका.
• डोळ्यात काही उडाले तर : २० मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरा आणि मग रुग्णालयात जा.

रुग्णवाहिकेसाठी १०८. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. तो घरात भिंतीवर लिहून ठेवा.

लक्षात ठेवायची गोष्ट

कोणतीही वस्तू टाकण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. ही टोचेल का? हिच्यात अजून वीज किंवा वायू आहे का? हिच्यात विष किंवा औषध उरले आहे का? एकाचेही उत्तर 'हो' किंवा 'माहीत नाही' असे आले तर ती पोत्यात नाही, लाल ठिपक्याच्या डब्यात.

आज संध्याकाळी फळीवरचा औषधांचा डबा आणि पलंगाखालचे खोके एकदा उघडून पाहा. पुढच्या खेपेला कबाडीवाला येईल तेव्हा त्याच्या पोत्यात काय जाते ते तुम्हाला ठाऊक असू द्या. पोते ओतणारे हात आपल्याच गावातले असतात.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. त्रास होत असल्यास प्रत्यक्ष डॉक्टरांचा सल्ला घ्या.)